बाई दवाखान्यात येत नाही, त्यावर उपाय

निर्वासित छावणीतल्या बायका-मुलींपर्यंत आरोग्यसेवा पोचवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. आधी नाव बदला, अर्धा आजार तिथेच बरा होतो. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारचंच बघा. म्यानमारच्या लष्कराने ऑगस्ट २०१७ मध्ये गावंच्या गावं पेटवली आणि सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून तिथे आले. निम्म्याहून जास्त बायका-मुली. पण बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून सरकारी कागदावर हे लोक निर्वासित नाहीत. ते आहेत ‘बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’. आणि म्यानमार? ते १९८२ च्या नागरिकत्व कायद्याकडे बोट दाखवून त्यांना नागरिक मानत नाही. तेव्हा जी बाई निर्वासितही नाही आणि नागरिकही नाही, तिचं ओटीपोट दुखतं ते नेमकं कोणाच्या हद्दीत, एवढं ठरवेपर्यंत तुमचं पहिलं आर्थिक वर्ष आरामात निघून जाईल.

बायकांना काय हवं ते मात्र जरूर विचारा. माझीला विचारा. तिथे ‘माझी’ म्हणजे वस्तीचा मुकादम, आणि तो बहुतेक वेळा पुरुषच असतो. मराठीत वाचलं तर ‘माझी अडचण’ आपोआप माझीचीच ठरते, हा योगायोग मला फार आवडला.

डॉक्टर ढाक्याहून आणा. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची, ढाक्याच्या बंगालीपासून बरीच लांब. पण मालवणी आजीचं दुखणं नागपूरच्या डॉक्टरला कळतंच की, निम्मं. उरलेलं सांगायला तिचा दीर सोबत असतो. अंगावरून जातंय हे ती दिरासमोर बोलत नाही, त्यामुळे तपासणी दोन मिनिटांत उरकते. रांग भराभर पुढे सरकते आणि तुमचे आकडे सुधारतात.

संडासांच्या भानगडीत पडू नका. वीस माणसांमागे एक, बायकांचा वेगळा, आतून कडी, अशी मानकं आहेत आणि ती चांगल्या कागदावर छापलेली आहेत. प्रत्यक्षात टेकडीच्या उतारावर एक आडोसा असतो, दिवा नसतो, कडी कधीच निखळलेली असते. मग बाई काय करते? दुपारपासून पाणी पिणं बंद करते. रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळचं जेवणही दोन घासांवर आटोपते. काही दिवसांनी लघवीला जळजळ, मग ताप. इथे गडबडून जाऊ नका. मदतसंस्थांनी कामं गटांत वाटून घेतलेली असतात: कडी हा विषय पाणी-स्वच्छतेच्या गटाचा, जळजळ आरोग्याच्या गटाची, आणि अंधारात तिच्या मागून कोणी आलंच तर तो संरक्षणाच्या गटाचा. तीन गट, तीन बैठका, तीन इतिवृत्तं. तुम्ही आरोग्यवाले. तुम्ही गोळ्या द्या आणि वर सांगा, ‘भरपूर पाणी प्या हं.’ चार पैशांच्या कडीला देणगीदार मिळत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

पाळीसाठी कापडी पॅड वाटा. ते वाळत कुठे घालायचे हे विचारू नका. एका खोलीत सहा-सात माणसं, बाहेर पाऊस, दारात सासरा. पॅड चटईखाली वाळतात, म्हणजे वाळत नाहीत.

बाळंतपणाचं जगालाच उशिरा कळलं, त्यात तुमचा काय दोष? छावणी म्हटली की तंबू, धान्य, पाणी, लसी. तिथेही बायकांना दिवस जातात, ही गोष्ट नीट कागदावर यायला १९९४ ची कैरोची लोकसंख्या परिषद उजाडावी लागली. आता एक पुडकं मिळतं: साबणाची वडी, कोरं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, हातमोजे, अंथरायला प्लॅस्टिक. हसण्यासारखं त्यात काही नाही, जिथे काहीच नसतं तिथे या पुडक्याने जीव वाचतात. जिथे दवाखाना आहे तिथेही झोपडीतच पुडकं का उघडावं लागतं, हा प्रश्न तेवढा टाळा. कळा ऑफिसची वेळ बघून येत नाहीत, हे एक कारण. संस्थांच्या गाड्या अंधार पडायच्या आत शहराकडे परततात. चोवीस तास उघडं केंद्र असतं, पण ते पलीकडच्या टेकडीवर. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांबू बांधायचे, बाईला त्यात बसवायचं आणि चौघांनी खांदा द्यायचा. पायऱ्या वाळूच्या पोत्यांच्या. पाऊस झाला की पोतं पायाखालून सरकतं आणि खुर्ची एका अंगाला कलते. वाटेत काटेरी तारेचं कुंपण लागलं तर वळसा घ्या, फाटक कुठेतरी असेलच. नंदुरबारच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वाहन ओळखीचं वाटेल. आपण तर त्याला ‘बांबूलन्स’ असं लाडाचं नावही ठेवलंय.

बलात्कारानंतर एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी १२० तासांत. राखाइनमधून, म्हणजे म्यानमारमधल्या त्यांच्या प्रांतातून, जंगलातून चालत यायला कित्येकींना त्याहून जास्त दिवस लागले. रकान्यात ‘रुग्ण उशिरा आली’ असं लिहा.

अशक्त गरोदर बाईला आहाराचा सल्ला द्या. अंडी, पालेभाजी, डाळ. २०२३ च्या मार्चमध्ये माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून १० वर आणलं, जूनमध्ये ८ वर. ते पुन्हा वाढायला जानेवारी २०२४ उजाडला. मार्चमध्ये जिला दिवस गेले ती डिसेंबरात बाळंत होऊन मोकळी झाली होती. तिने जरा थांबायला हवं होतं, असं आपण म्हणणार नाही. अहवालात तिची नोंद ‘रक्तक्षय’ एवढीच असते.

हे सगळं झालं की कॉक्स बाजारच्या समुद्राकाठी एखाद्या हॉटेलात कार्यशाळा घ्या. तिथे शंभरातल्या नव्वद वेळा एकच सूचना येते, सूचनापेटी लावा. जरूर लावा. दवाखान्याच्या दारातच लावा, म्हणजे जिला दवाखान्यापर्यंत पोचताच आलं नाही तिची तक्रार पेटीत पडायची भीती नाही. पेटीला कडी मात्र मजबूत बसवा, आणि वर कुलूप. तक्रारी गोपनीय असतात.