सोमवारी गेलेला सामना

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना पुण्यात संध्याकाळी पाचला दिसतो, आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की सहाला. फुटबॉल पाहायला लागल्यापासून ही पाचची वेळ माझी सर्वांत लाडकी आहे. शनिवारची दुपारची झोप पुरी झालेली असते, चहा हातात असतो, सामना संपल्यावर डेक्कनवर एक चक्कर मारता येते, आणि आईच्या मालिका सुरू व्हायच्या सुमारास रिमोट परत करता येत असल्यामुळे घरात शांतताही राहते. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शनिवारी पाचची मॅच’ असे कोणी टाकले की खाली अंगठ्यांची रांग लागते. ही वेळ कोणी ठरवली आणि कोणाच्या झोपेवर ठरवली, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत पडला नव्हता. तो पडला माझ्याच एका तिकिटामुळे.

माझी धाकटी बहीण नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या उत्तर भागात राहते. दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात मी तिच्याकडे नऊ दिवसांसाठी गेलो, सामानात चकल्या आणि भाच्यासाठी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. पण या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी बहीण नव्हती, शनिवारी दुपारी तीनचा एक सामना होता, हे तिलाही ठाऊक होते. क्लबचे नाव लिहीत नाही, कारण हे कोणत्याही क्लबच्या बाबतीत घडू शकते आणि घडतेच. भाच्याने आमची दोघांची तिकिटे वेळेवर काढली होती. माझा व्हिसा आला, विमानाचे तिकीट झाले, कचेरीतली रजा मंजूर झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरात भाच्याचा निरोप आला: ‘मामा, मॅच सोमवारी गेली. टीव्हीवाल्यांनी घेतली.’ कोणी पेपर वाचायला उचलून न्यावा इतक्या सहजपणे त्याने ते सांगितले होते, कारण तिथे वाढलेल्या मुलाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. माझे परतीचे विमान रविवारी होते आणि त्याची तारीख बदलण्याचा खर्च मूळ तिकिटाच्या जवळपास निम्मा होता. क्लबकडून एक सभ्य ईमेलही आला. आधीची तिकिटे नव्या तारखेला चालतील असे त्यात म्हटले होते आणि शेवटी आमच्या पाठिंब्याबद्दल आभार मानले होते. माझे तिकीट क्लबच्या दुसऱ्या सदस्यालाच देता येत होते आणि तसा सदस्य भाच्याच्या ओळखीत त्या दिवशी मोकळा नव्हता.

त्या शनिवारी तीन वाजता आम्ही दोघे बंद स्टेडियमभोवती एक फेरी मारून आलो. मी एक मफलर घेतला. रविवारी निघालो, सोमवारी दुपारी मुंबईत उतरलो, संध्याकाळी कोथरूडला घरी पोहोचलो, आणि रात्री दीड वाजता, म्हणजे तिकडच्या आठला, टीव्हीचा आवाज बंद ठेवून तो सामना पाहायला बसलो. आमच्या जागा डाव्या हाताच्या कॉर्नरच्या मागे, खालच्या रांगांत होत्या. तिसऱ्या की चौथ्या कॉर्नरच्या वेळी कॅमेरा खाली आला आणि निळ्या जाकिटातला माझा भाचा अर्धा क्षण दिसला. त्याच्या शेजारची खुर्ची मिटलेली होती. त्या खुर्चीचे पैसे मी भरले होते, आणि ज्या वाहिनीवर ती मिटलेली खुर्ची मी पाहत होतो तिची वर्गणीही मीच भरत होतो.

तेव्हापासून या व्यवस्थेची रचना मी जरा समजून घेतली. प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या फुटबॉल स्पर्धेचे, वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होते, पण ते कच्चे असते. त्यानंतर प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या कंपन्या टप्प्याटप्प्याने आपल्याला हवे ते सामने निवडतात आणि निवडलेला सामना मूळ वेळेवरून हलतो. तो हलवावाच लागतो, याचे कारण मोठे गमतीचे आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी 2.45 ते 5.15 या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करायचे नाही असा दंडक 1960च्या दशकापासून चालत आला आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्याचा आग्रह धरला होता. मोठे संघ घरबसल्या दिसू लागले तर लहान क्लबांची मैदाने ओस पडतील, अशी त्यांची भीती होती. म्हणजे मैदानावर जाणाऱ्या माणसाला जपण्यासाठी केलेला नियम, आणि त्याच नियमामुळे टीव्हीवरचा प्रत्येक सामना शनिवारी तीनच्या वेळेतून उठून शुक्रवारी रात्री, शनिवारी साडेबाराला, रविवारी किंवा सोमवारी जाऊन बसतो. आणखी विचित्र गोष्ट अशी की हा दंडक आपल्याला लागू नाही. मँचेस्टरमधल्या माणसाला स्वतःच्या गावातला तीनचा सामना घरी बसून पाहता येत नाही आणि मला तो कोथरूडमध्ये निवांत पाहता येतो.

1992मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, त्याच वर्षी स्काय या तिकडच्या टीव्ही कंपनीने सोमवारी रात्रीचे सामने आणले, म्हणजे तक्रार तशी जुनी आहे. बदलले आहे ते प्रमाण. 2025-26पासूनच्या चार हंगामांसाठी ब्रिटनमधले हक्क 6.7 अब्ज पाउंडांना गेले आहेत आणि त्यात एकट्या स्कायच्या वाट्याला वर्षाला किमान 215 सामने आहेत. आधीच्या करारात हा आकडा 128 होता. एका हंगामात सामने असतात 380. म्हणजे जूनमध्ये छापलेली तारीख आणि वेळ ही आता पत्रिकेवरच्या ‘सायंकाळी सात वाजता’सारखी झाली आहे, तिच्यावर विश्वास ठेवून कोणी निघत नाही.

पण पाहुण्या संघाच्या पाठीराख्याला निघावेच लागते. न्यूकॅसल ते बोर्नमथ हे अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर आहे, म्हणजे पुणे-हैदराबाद. हैदराबादला सोमवारी रात्री आठला सुरू होणारा सामना संपवून मंगळवारी सकाळी पुण्यात कामावर हजर राहायचे, असा विचार करून पाहा. रात्री दहानंतर परतीची रेल्वे नसते, मुक्काम केला तर हॉटेलचे भाडे, बसने निघाले तर पहाट. पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर 2016-17पासून 30 पाउंडांची मर्यादा आहे आणि ती चाहत्यांच्या संघटनांनी भांडून मिळवली आहे, पण तिकीट हा त्या दिवसाच्या खर्चातला लहान भाग असतो. 2023मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनचा वुल्व्ज आणि लंडनचा चेल्सी यांचा सामना 24 डिसेंबरला ठेवला गेला. नाताळच्या आदल्या दिवशी या स्पर्धेतला सामना होण्याची ती 1995नंतरची पहिलीच वेळ होती, आणि लंडनहून वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन-येऊन घरच्या जेवणाला पोहोचणे म्हणजे काय, हे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नाशिकला सामना ठेवल्यावर कळेल. आणि 26 डिसेंबर हा तर तिकडे वर्षानुवर्षे फुटबॉलचाच दिवस, कुटुंबच्या कुटुंब मैदानावर जाण्याचा. 2025मध्ये त्या दिवशी प्रीमियर लीगचा एकच सामना झाला.

इथे माझे मित्र मला थांबवतात. त्यांचे म्हणणे असे की टीव्हीचा पैसा नसता तर हे खेळाडू, ही मैदाने आणि हा दर्जा आलाच नसता आणि आपण पुण्यात बसून फुटबॉलबद्दल बोलतही नसतो. हे मला पूर्ण मान्य आहे. 23 डिसेंबर 2017 रोजी रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा सामना माद्रिदमध्ये दुपारी एकला ठेवला होता, म्हणजे आपल्याकडे साडेपाचला. आशियातल्या प्रेक्षकाला झोपेआधी सामना मिळावा म्हणून ठरवलेली ती वेळ. आम्ही अकरा जण एका मित्राच्या हॉलमध्ये भेळ खात तो पाहत होतो आणि बार्सिलोना 3-0 जिंकल्यावर खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले. ती संध्याकाळ मला कोणी परत मागितली तर मी देणार नाही. त्यामुळे टीव्हीने फुटबॉल नासवला असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी माझे जमतही नाही.

माझे म्हणणे त्याहून बरेच लहान आहे. सामना हलवा, पण लोकांनी प्रवासाची तिकिटे काढण्याआधी हलवा, आणि ठरावीक मुदतीनंतर हलवला तर ज्याच्या प्रक्षेपणासाठी तो हलला त्याने प्रवासाचे नुकसान भरून द्यावे. अब्जावधींच्या करारात ही रक्कम कुठल्या कुठे लपून जाईल. आज या बदलाचा सगळा फायदा एका बाजूला जातो आणि सगळा खर्च मैदानावर जाणाऱ्याच्या खिशातून होतो. त्या माणसाचा आरडाओरडा, गाणी आणि झेंडे नसतील तर आपण टीव्हीवर जे पाहतो त्याला काय अर्थ राहील, हे करोनाच्या काळात रिकाम्या स्टेडियममधले सामने पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा वाहिन्या गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवत होत्या.

मैदानावर जाणाऱ्यांचे ऐकणे अशक्य नाही, हे जर्मनीने दाखवले आहे. तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेने, बुंडेसलिगाने, 2017-18च्या हंगामापासून वर्षाला पाच सामने सोमवारी ठेवायला सुरुवात केली. 19 फेब्रुवारी 2018 रोजी फ्रँकफर्ट आणि लाइपझिग यांच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पाडला. पुढच्याच सोमवारी डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये, जिथे 81 हजारांची गर्दी ही नेहमीची गोष्ट आहे, तिथे जेमतेम 54 हजार लोक आले. बाकीच्यांनी ठरवून पाठ फिरवली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात लीगने जाहीर केले की नव्या करारापासून, म्हणजे 2021-22पासून, सोमवारचे सामने बंद होतील. तिथे क्लबच्या मतांचा बहुसंख्य वाटा सदस्यांच्या हाती राहिला पाहिजे असा नियम आहे, आणि माझ्या मते टेनिसच्या चेंडूंपेक्षा तो नियम जास्त लागला. ज्याच्या हाती मत आहे त्याच्या रिकाम्या खुर्चीची भीती वाटते.

आपल्याकडे मत नाही आणि आता तर खुर्चीही नाही. बालेवाडीला एफसी पुणे सिटी हा आपला संघ खेळत असे तेव्हा आपण काही काळ त्या दुसऱ्या, म्हणजे मैदानावर जाणाऱ्यांच्या, बाजूला होतो. 7 मार्च 2018, बुधवार, रात्री आठला बंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना. टीव्हीसाठी आदर्श वेळ. मी मुलीला घेऊन गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिची शाळा, त्यात परीक्षेचे दिवस, आणि स्टेडियमपासून कोथरूडपर्यंत त्या वेळी मिळेल त्या वाहनाने जायचे. पाऊण सामना झाल्यावर ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. सत्तराव्या मिनिटाला आम्ही निघालो, हायवेपर्यंत स्टेडियमचा आवाज येत होता, आणि प्रत्येक वेळी तो वाढला की मी मागे वळून पाहत होतो. सामना 0-0 सुटला, त्यामुळे आमचे काही चुकले नाही, असे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले. दुसरा सामना बंगळुरूला 3-1 हरलो, आणि 2019मध्ये तो संघच पुण्यातून उठून हैदराबादला गेला. पुणे-हैदराबाद अंतर मला तोंडपाठ आहे ते तेव्हापासून.

वेळ बदलली म्हणून तक्रार करणारे तिकडचे लोक एका अर्थी सुखीच म्हणायचे. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2025 साली स्पर्धेचे व्यापारी हक्क देणाऱ्या कराराची मुदत 8 डिसेंबरला संपणार होती, तो पुढे जाईना, म्हणून ठरलेल्या वेळी हंगामच सुरू झाला नाही. हजारो लोक ज्या मैदानांवर जातात तिथे खेळ व्हायचा की नाही हे एका करारावर अडून राहिले, आणि त्या करारात कुठेही प्रेक्षकाची सही लागत नव्हती.

माझ्यापुरता मी एक छोटा बदल केला आहे. ग्रुपवर ‘पाचची मॅच’ असे कोणी टाकले की मी खाली पाहुण्या संघाचे लोक किती किलोमीटरवरून येणार आहेत आणि त्यांना घरून साधारण किती वाजता निघावे लागेल, तेवढेच लिहितो. पहिल्यांदा एकाने ‘तू मजा घालवतोस’ असे म्हटले, दुसऱ्याने गणित तपासून माझी चूक काढली. गेल्या वेळी मी लिहिले: साडेपाचशे किलोमीटर, बस पहाटे पाचच्या आत. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एकाने त्याखाली चहाच्या कपाचे चित्र टाकले आणि विचारले, ‘तुझ्याकडे की माझ्याकडे?’ आम्ही त्याच्याकडे पाहिला.