आवाज ‘बालिश’ नाही हो!

तुमच्या लेखात अमेरिकन गायिका आणि हार्पवादक जोआना न्यूसमच्या ‘द मिल्क-आईड मेंडर’ (२००४) या पहिल्या अल्बमबद्दल ‘आवाज बालिश, सवय व्हावी लागते’ एवढंच म्हणून विषय गुंडाळलाय. सवय व्हावी लागते, हे खरंच. मी पहिल्यांदा लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, “कुणाचं पोर रडतंय रे?”

पण ती वाजवते त्या हार्पचं, म्हणजे त्या मोठ्या उभ्या तंतुवाद्याचं काय? त्यावर लेखात एक ओळही नाही! सत्तेचाळीस तारा, पायाखाली सात पेडल, आणि ते सांभाळत ही बाई गाते. हेडफोन लावून ऐका : डाव्या हाताची चाल एक, उजव्याची दुसरी, आणि गाणं तिसरीकडेच. पश्चिम आफ्रिकेतल्या कोरा वाद्याचा हा संस्कार. नुसतं ‘अमेरिकन लोकसंगीत’ म्हणून कसं भागेल?

याच अल्बममधलं ‘थ्री लिटल बेब्स’ हे अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातलं पारंपरिक गाणं. शिकायला पाठवलेली तीन मुलं मरतात आणि आईकडे परत येतात. तिथे हा आवाज अक्षरशः किंचाळतो, फाटतो. गोड गळ्याने ते गाणं मेलं असतं. बाकी एक-दोन गाणी लांबलीत, तेवढं मान्य.