सोबत कोणी आहे का?

गेल्या मंगळवारी मिस्टरांना शर्ट घ्यायला आम्ही कॉलेज रोडला गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, बोलायला नम्र. त्याने मला विचारलं, "मॅडम, सरांना फुल की हाफ?" मी म्हटलं, सरांनाच विचार ना. त्यावर तो म्हणाला, "हो मॅडम. सरांची साइज काय?" ज्यांना शर्ट घालायचा ते माझ्या डाव्या हाताला दोन फुटांवर उभे. "बेचाळीस, आणि फुल," हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तरी पुढचा प्रश्न परत माझ्याकडेच आला, "रंग कुठला दाखवू?"

मिस्टरांना दिसत नाही. ऐकू स्वच्छ येतं, बोलता येतं, पैसे त्यांच्याच खिशात होते. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला शंभर टक्के माहीत आहे, आणि म्हणूनच हे लिहितेय. मुद्दाम कोणी अपमान केला तर भांडता येतं. सवयीने माणसाला वगळलं जातं, त्याच्याशी भांडायचं कसं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्टरांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी तिन्हीसांजेला दिसेनासं झालं, मग आजूबाजूचं जाऊन नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं उरलं, आणि चाळिशीच्या आत तेही गेलं. नॅब म्हणजे अंधांसाठी काम करणारी संस्था, तिची महाराष्ट्र शाखा आपल्या नाशकातच, सातपूरला आहे. तिथे ते पांढरी काठी घेऊन चालायला आणि बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम करायला शिकले. आता घरून तीन दुकानांचे हिशेब बघतात. मी सिडकोत मॅचिंग सेंटर चालवते. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना आमच्या घरातलं माणूस उभं असतं, आणि दोन्हीकडचं मी बघते.

गेल्या बारा वर्षांत बँकेत, दवाखान्यात, मोबाइलच्या दुकानात, बिल भरायच्या खिडकीवर एक प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता तो पाठ झालाय. "सोबत कोणी आहे का?"

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या ठिकाणी माणसाला एकट्याने जाऊन आपलं काम उरकून येता येत नाही, तिथली सेवा त्याच्यासाठी नाहीच. ती त्याच्या सोबत आलेल्या माणसासाठी आहे.

बँकेचंच घ्या. एका बँकेत (नाव नको, तिथला स्टाफ आता बदललाय) मिस्टर चेकबुक मागायला गेले, तर साहेब म्हणाले, "तुम्हाला चेकबुक देता येणार नाही, वहिनींच्या नावाने जॉइंट खातं करा." रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक जून २००८ चं आहे. अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे, तिला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर सगळं भेदभाव न करता द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मिस्टरांनी मोबाइल काढला, ते परिपत्रक उघडलं आणि फोनला वाचायला लावलं. त्यांच्या फोनचा वाचण्याचा वेग भयंकर असतो, तो त्यांनी साहेबांसाठी कमी केला. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. चेकबुक मिळालं. पण ज्याला परिपत्रक माहीत नाही, ज्याचा आवाज रांगेपुढे फुटत नाही, त्याने काय करायचं? त्याला जॉइंट खातंच मिळतं, आणि मग त्याचे पैसे दुसऱ्याच्या मर्जीवर चालतात.

हीच मंडळी ऑनलाइन गेली की बरोबर उलटं वागतात. व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून द्यायला, मिस्टर बसले होते. स्क्रीनवर गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा. गोल कुठे आहे हे फोन सांगत नाही. मी शेजारून म्हटलं, "जरा डावीकडे, थोडं वर." पलीकडचा अधिकारी म्हणाला, "बाजूला कोणी आहे का? दुसऱ्या कोणी मदत केलेली चालत नाही," आणि कॉल बंद. दुसऱ्यांदा मी खोलीबाहेर जाऊन थांबले. आतून आवाज येत होता, "सर, कॅमेऱ्यात बघा. सर, डोळे मिचकवा. सर, चेहरा दिसत नाहीये." अर्ज नामंजूर. शाखेत सोबत कोणी आणा म्हणून हट्ट, आणि ॲपमध्ये सोबत कोणी असलं की बाद.

हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय बरं का. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी आणि एका अंध व्यक्तीने याचिका केल्या होत्या. ज्यांच्या पापण्याच हल्ल्यात गेल्या त्यांनी डोळे मिचकवायचे कसे? ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. डोळे मिचकवण्याला दुसरे पर्याय ठेवा, मशीनने नाकारलेला अर्ज माणसाकडून तपासून घ्या, असे आदेशही दिले. आमचा अर्ज मी त्या निकालाची प्रत जोडून परत पाठवलाय.

कार्डाच्या मशीनचंही तेच. जुन्या मशीनला बटणं होती, पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असायचा, त्यावरून बोटं बाकीचे आकडे शोधायची. आता सगळीकडे गुळगुळीत काचेची मशीन आलीत. काचेवर पाच कुठे आणि नऊ कुठे? मग दुकानदार म्हणतो, "पिन सांगा काका, मी दाबतो." भर दुकानात पिन सांगायचा! उलट तो पैसे आल्याचं बोलून सांगणारा छोटा डबा बघा. तो बसवला दुकानदारासाठी, पण मिस्टरांना त्याचा फार आधार वाटतो. किती रुपये गेले ते मोठ्याने कळतं, कोणाला विचारावं लागत नाही.

आता ऐकू न येणाऱ्यांचं सांगते. अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जाणारी एक मुलगी माझी गिऱ्हाईक आहे. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. फॉल-पिकोला येते, मोबाइलवर टाइप करून दाखवते. एका रविवारी दुपारी ती धावत दुकानात आली. बसमध्ये पर्स गेली होती. फोन त्यातच, कार्डही त्यातच. माझं बिलबुक ओढून मागच्या पानावर तिने लिहिलं, "कार्ड बंद. पगार काल आला." पेन इतकं दाबून लिहिलं होतं की खालच्या तीन पानांवर अक्षरं उमटली.

मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डसाठी तमुक दाबा, असं करत करत अकरा मिनिटांनी माणूस मिळाला. "मॅडम, खातेदाराशी बोलायला द्या." मी सांगितलं, त्यांना ऐकू येत नाही, त्या माझ्यासमोर बसल्यात, तुम्ही विचाराल त्याचं उत्तर त्या लिहून देतील, मी वाचते. "सॉरी मॅडम, खातेदाराच्या आवाजातच व्हेरिफिकेशन लागतं." ज्याला आवाजच नाही त्याचा आवाज लागतो! मी विनवण्या केल्या. आईचं नाव, जन्मतारीख, शेवटचा व्यवहार, सगळं ती भराभरा लिहून देत होती. शेवटी "उद्या ब्रँचला जा" एवढंच मिळालं. सोमवारी ती शाखेत पोचेपर्यंत कार्ड टॅप करून दोन व्यवहार झाले होते, कारण पाच हजारांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रडत नव्हती, बिलबुकाच्या त्या पानाकडे नुसती बघत होती.

मिस्टरांना सगळं काचेवर वाचायला सांगतात आणि तिला सगळं फोनवर बोलायला सांगतात. दोघांच्या जागा बदलल्या तर दोघांचीही कामं झाली असती. म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणते, कुठल्याही सेवेला किमान दोन वाटा हव्यात. फोन असेल तर मेसेज आणि चॅटही हवं. टोकनचा नंबर स्क्रीनवर येतो ना, मग तो मोठ्याने पुकारायलाही हवा. नुसता पुकारत असाल तर दाखवायलाही हवा. ओटीपीची मुदत फोनकडून ऐकून घेऊन टाकेपर्यंत संपते, ती वाढवायला काय जातं?

हे सगळं मेहेरबानी म्हणून मागत नाहीये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा सगळ्यांना वापरता येईल अशी करायची, असं त्यात आहे. नियम आले २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०१९ लाच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. हल्ली काउंटरवरही 'दिव्यांग' म्हणतात, छान वाटतं. मिस्टर स्वतःला सरळ अंध म्हणतात. त्यांना शब्दाचं काही नाही, उत्तर आपल्याला मिळावं एवढंच वाटतं.

आमच्या लाइनीतले दुकानदार म्हणतात, "ताई, असे गिऱ्हाईक येतात कितीसे?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर दिव्यांग मोजले होते, तेही एकवीस प्रकार होण्याआधी. ही माणसं आपल्याला दिसत नाहीत, कारण आपल्या पायरीशी येऊन ती परत जातात. माझ्याच दुकानाला सात इंचांची पायरी होती. पंधरा वर्षं होती, मला कधी जाणवली नाही.

रॅम्पचा हिशेब एकास बारा असतो, एक इंच उंचीला बारा इंच उतार. सात इंचांना सात फूट. एवढी जागा दुकानापुढे कुठली? मग अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चेकर्ड प्लेटचा दुमडता रॅम्प करून घेतला. तो आत भिंतीला टेकून असतो, बेल वाजली की आम्ही बाहेर टाकतो. बेल जमिनीपासून तीन फुटांवर लावलीय, व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी. रॅम्प झाल्यावर पहिल्याच महिन्यात व्हीलचेअरवरच्या दोघी आल्या, आणि गुडघे दुखणाऱ्या आज्या तर रोज मागतात.

पण मला खरं शिकवलं ते एका जन्मांध बाईंनी. शाळेत संगीत शिकवतात त्या. ब्लाउजपीस घ्यायला एकट्या आल्या होत्या. मी आमसुली काढला आणि सांगायला लागले, "काळपट लालसर आहे हो, छान आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, काळपट आणि लालसर मला माहीत नाही. हा रंग भारदस्त आहे की डोळ्यात भरणारा? लग्नात शोभेल की शाळेत? माझी मोरपंखी साडी आहे, तिच्यावर जाईल का? ते सांगा." वीस वर्षं रंग विकतेय, पण रंगाबद्दल असं मला कोणी विचारलं नव्हतं. तासभर आम्ही दोघी बसलो. डाळिंबी, चिंतामणी, अबोली, प्रत्येक रंग कुठे नेसला जातो, बघणाऱ्याला काय वाटतं, ते सांगत गेले. त्यांनी चार पीस घेतले. कपाटात ओळखू यावेत म्हणून काठाला आतून गाठी मारून मागितल्या, आमसुलीला एक, डाळिंबीला दोन. आता कोणी अंध गिऱ्हाईक आलं की आमच्या दुकानातली मुलगी न विचारता सुईदोरा घेऊनच बसते.

दुकानातल्या दोन्ही मुलींना मी एवढंच सांगितलंय. गिऱ्हाईकाशी बोलायचं, सोबतच्याशी नाही. मदत करायच्या आधी विचारायचं, दंड धरून ओढायचं नाही. सुटे देताना नोटा मोजून बोलून द्यायच्या, "ही शंभराची, ही पन्नासची." शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर गोल उठावाने छापलेला असतो, पण वापरून वापरून तो झिजतो. ऐकू न येणारं कोणी आलं तर ओरडायचं नाही, समोर तोंड ठेवून सावकाश बोलायचं, वही पुढे करायची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संस्थेचा दहा हजार शब्दांचा कोश आहे, त्याचे व्हिडिओ फुकट बघता येतात. मुली रोज दोन खुणा शिकतात. त्या पॅकिंगवाल्या मुलीने त्यांची 'किती' ची खूण सुधारून दिली, तेव्हा तिघी खूप हसल्या.

२०२७ ला सिंहस्थ आहे. नाशकात रस्ते, घाट, पूल यांची धावपळ चाललीय. लॉजवाले, मेडिकलवाले, बँका, चौकशी खिडक्या, हेल्पलाइनवर बसणारी पोरं, यांना कोणी काही शिकवणार आहे का? नॅब इथे आहे, ऐकू न येणाऱ्या मुलांचं माई लेले श्रवण विकास विद्यालय इथे आहे. शिकवायला बाहेरून कोणाला आणायचीही गरज नाही. महापालिकेत ओळखीचं कोणी असेल तर ही पोस्ट त्यांना जरूर दाखवा. तुमचं दुकान असेल आणि रॅम्पचं माप हवं असेल तर माझ्याकडे या, फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता देते.

शर्टाचं राहिलंच. मिस्टरांनी तिथे तीन शर्टांचं कापड बोटांनी चाचपलं, एक बाजूला काढला आणि त्या मुलाला विचारलं, "हा कुठला रंग आहे, तू सांग." तो पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बोलला. आधी चाचरत, मग नीट. निळा आहे, पण अंगावर ओरडत नाही, असं म्हणाला. तो घेतला.

येत्या गुरुवारी त्यांना बँकेत लॉकर घ्यायला जायचंय. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. ते एकटे जाणार आहेत, मी दुकानात असेन.