सीट वर राहत नाही आणि माझा पारा खाली येत नाही

काल संध्याकाळी "काम झाले आहे, ताई" अशा प्रसन्न शब्दांत, सीट दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये दिलेली गाडी माझ्या ताब्यात देण्यात आली आणि आज सकाळी पहिल्याच गतिरोधकावर ड्रायव्हरची सीट खटकन आवाज करून माझ्यासकट खाली गेली. क्षणात बॉनेट दिसेनासे झाले, मधल्या आरशात मागच्या वाहनांच्या जागी गाडीचे छत आले आणि खांद्यावरून जाणारा पट्टा थेट गळ्याला घासू लागला. मागे हॉर्नचा गजर चालू होता आणि मी एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने सीटची उंची बदलणारी लिव्हर ओढून स्वतःला पुन्हा माणसांत आणण्याची धडपड करत होते.

ज्यांच्या सीटने असा दगा दिला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. लिव्हर ओढली की सीट वर येते, दर ओढीला काही मिलिमीटर, अगदी आज्ञाधारकपणे, आणि हा आज्ञाधारकपणा हात काढला की संपतो. लिव्हरच्या मागच्या लहानशा डब्यात ओढ एकाच दिशेने पुढे नेणारा क्लच असतो आणि माणसाचे वजन उलटे रेटू लागले की जखडून बसणारा ब्रेक असतो. या डब्यातून निघालेले छोटे दातेरी चाक सीटखालच्या दातेरी पट्टीला फिरवते. सीट वर चढते आहे, याचा अर्थ क्लच शाबूत आहे. हळूहळू उतरते तेव्हा ब्रेक घसरत असतो आणि एकदम पडते तेव्हा बहुधा दाते निसटत असतात. माझी सीट दोन्ही करते. हे सगळे तर्कशास्त्र मी गॅरेजमध्ये उभे राहून, हातवारे करून, सविस्तर मांडले होते, आणि त्यावर मिळालेले उत्तर होते, "ऑइलिंग करून देतो."

ऑइलिंग! ज्या भागाचे एकमेव कर्तव्य घट्ट धरून राहणे हे आहे, त्याच्यावर या गृहस्थाने पातळ तेलाचा फवारा मारला. करकर वाजणाऱ्या बिजागरीला तेल द्यावे, अडकलेल्या कडीला द्यावे, पण जो ब्रेक मुळात पकड सुटल्यामुळेच रुसला आहे, त्याच्या आत कारखान्यात घातलेले ग्रीस धुऊन काढून वर आणखी निसरडे करायचे, हा कोणता वैद्यकीय प्रकार आहे? पूर्वी सीट घरापासून कार्यालयापर्यंतच्या प्रवासात सावकाश, माझी प्रतिष्ठा राखून, उतरत असे. आता तेवढीही भीड तिने ठेवलेली नाही.

आणि हे एवढ्यावर थांबले असते तरी मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. सीट बाहेर काढायची म्हणजे रेलचे चार बोल्ट सोडवायचे आणि खालच्या वायरी सुट्या करायच्या, हे ठीक. त्या वायरींत पिवळ्या रंगाचा कनेक्टर असतो, कारण सीटच्या कुशीत बाजूची एअरबॅग असते, आणि तो पिवळा रंग शोभेसाठी दिलेला नसतो. आधी बॅटरीची तार काढायची, काही मिनिटे थांबायचे आणि मगच त्याला हात लावायचा, हे गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये छापलेले असते. या महाशयांनी काय केले, ते डॅशबोर्डवरचा दिवाच सांगतो आहे: आज सकाळपासून एअरबॅगचा लाल दिवा पेटला आहे आणि विझायला तयार नाही. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली की तो असा पेटतो आणि अनेक गाड्यांत कनेक्टर परत जोडल्यावरही संगणक लावून चूक पुसल्याशिवाय जात नाही. फोन केला तर म्हणाले, "दिवा येतो, पण त्याने काही होत नाही." मग तो लावलाच कशाला असेल, रोषणाईसाठी? माझ्याकडे एक बिघाड होता, तो दुरुस्त करायला दिला आणि दोन बिघाड घेऊन परत आले, आणि दुसरा घालवण्यासाठी संगणक लावण्याचे पैसे वेगळे मोजायचे आहेत.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचे नाव तर माझ्यापुढे कोणी काढूच नये. तिथे वातानुकूलित खोलीत बसवून सांगण्यात आले की हा छोटा डबा सुटा मिळत नाही, सीटची अख्खी फ्रेम बदलावी लागेल. का? तर तो रिव्हेट मारून फ्रेमवर कायमचा बसवलेला आहे. तळहातावर मावेल एवढा भाग झिजला म्हणून धडधाकट लोखंडी सांगाडा भंगारात टाकायचा, आणि वॉरंटीत हे बसत नाही, कारण ही "वापरामुळे झालेली झीज" आहे. सीटचा वापर बसण्याशिवाय आणखी कशासाठी करायचा असतो, हे त्यांनी एकदा लेखी द्यावे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कचेरीतून फोन आला की आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल. याच सेंटरने पूर्वी लिव्हरचे प्लॅस्टिकचे आवरण काढताना त्याच्या क्लिपा मोडल्या होत्या आणि आवरण दाबून बसवून दिले होते; ते तेव्हापासून माझ्या पायाशी लोळते आहे. प्लॅस्टिकच्या क्लिपा या वस्तूवर माझा खास राग आहे. स्क्रूने लागणारी गोष्ट क्लिपेने लावण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याला त्या क्लिपा न मोडता काढून दाखवायला लावले पाहिजे.

आता हेही मान्य करते की या प्रकरणात माझ्या उंचीचा वाटा आहे. माझ्याहून वीतभर उंच माणसाला ही सीट अगदी तळाला गेली तरी रस्ता दिसेल, आणि तो म्हणेल की एवढे आकांडतांडव कशासाठी. मला मात्र सीट वर असली तरच जग दिसते. सीट उतरली की बाहेरून गाडी चालकाविना चालल्यासारखी वाटत असणार, कारण सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून आत कोणी आहे का, याची खात्री करून घेतली. मी त्याच्याकडे स्टिअरिंगच्या कडेवरून जितके तुच्छतेने पाहता येईल तितके पाहिले. कपाळ आणि दोन डोळे एवढ्याच भांडवलावर तुच्छता दाखवणे किती कठीण असते, हे तेव्हा कळले.

पण हा गमतीचा विषय नाही, म्हणून परत रागाकडे येते. अपघाताच्या चाचण्यांमध्ये बरीच वर्षे मुख्यत्वे वापरला गेलेला बाहुला सुमारे 175 सेंटिमीटर उंच आणि 78 किलो वजनाच्या पुरुषाच्या मापाचा आहे. लहानखुऱ्या बाईच्या मापाची बाहुली सुमारे 150 सेंटिमीटरची असते. उंची बदलणारी ही यंत्रणा आमच्यासारख्यांसाठी चैन नाही, पट्टा खांद्यावर राहावा आणि नजर काचेतून बाहेर जावी यासाठीची किमान सोय आहे. बरे, खाली न घसरणारी रचना माणसाला माहीतच नाही, असेही नाही. मोटरवर चालणाऱ्या सीटमध्ये वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, असतो. मोटर त्याला फिरवते, पण वरून वजन दाबून तो उलटा फिरत नाही, वीज बंद असली तरीही नाही. ती सोय महागड्या मॉडेलला. आम्हाला लिव्हर, आणि लिव्हर झिजली की तेलाचा फवारा.

यावर गॅरेजवाल्याने काढलेला शेवटचा तोडगा म्हणजे, "ताई, खाली एक उशी घाला." सुटी उशी धडकेत सरकते, कमरेचा पट्टा मांड्यांवरून पोटावर चढतो आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. हे मी फोनवर समजावून सांगत होते तेव्हा पलीकडून कोणाला तरी चहा सांगितल्याचे ऐकू आले.

अखेर एका जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडे याच मॉडेलची चांगली फ्रेम मिळाली आहे आणि ती बसवायला मी दुसरा मेकॅनिक ठरवला आहे. तो काम करेल तेव्हा मी शेजारी उभी राहणार आहे, बॅटरीची तार माझ्या डोळ्यांदेखत निघाल्याशिवाय सीटखाली हात घालू देणार नाही, आणि तेलाचा डबा त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी मी आधीच ठेवलेला असेल.