बोइंग म्हणे स्वतःच कर्ज देऊन विमानं खपवते!

तो फॉरवर्ड एव्हाना सगळ्या ग्रुपवर येऊन गेला असेल, की बोइंग आपल्याच फायनान्स कंपनीतून एअरलाइन्सना कर्ज देते आणि आपलीच विमानं गळ्यात मारते, वर अमेरिकन सरकारची बँक पाठीशी नसेल तर दुकान बंद, आणि एअरलाइन बुडाली की बोइंगचे पैसे बुडाले. वाचायला झकास, पण हिशोब लागत नाही.

कंपनी आहे, नाही कोण म्हणतंय. बोइंग कॅपिटल. मुळात मॅकडोनेल डग्लस या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीची, 1997 च्या मर्जरमध्ये बोइंगकडे आली. पण 2019 चे आकडे घ्या, तिच्याकडे कर्ज आणि लीज मिळून सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास आणि बोइंगची त्या वर्षीची विक्री 76 अब्जांच्या वर, मग एवढ्याशा पैशात कोण कोणाला विमानं खपवतंय? खरा पैसा बँका, बाँड मार्केट आणि डब्लिनच्या एअरकॅपसारख्या लीजवाल्यांचा, म्हणजे विमानं विकत घेऊन एअरलाइन्सना भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा. बोइंग कॅपिटल जास्त करून त्यांच्याशी गाठ घालून देते, कुठेच सोय नाही झाली तरच स्वतःच्या खिशात हात घालते.

हां, एक काळ होता. 9/11 नंतर एअरलाइन्सना कोणी दारात उभं करेना तेव्हा हाच आकडा 12 अब्जांपर्यंत फुगला होता. बोइंग 717 विमानाचं बघा ना, मॅकडोनेल डग्लसचंच डिझाइन, जेमतेम 156 बनली, 2006 मध्ये लाइन बंद. असलं विमान बाहेरचा लीजवाला कशाला घेईल, उद्या परत आलं तर द्यायचं कोणाला? म्हणून बरीचशी बोइंग कॅपिटलच्याच अंगावर राहिली. अमेरिकेतल्या साउथवेस्टने एअरट्रान ही एअरलाइन घेतली तेव्हा 717 पण सोबत आली, त्यांना नको होती, मग 2012 मध्ये 88 विमानं डेल्टाला द्यायचं ठरलं आणि त्यातल्या बहुतेकांची मालकीण हीच कंपनी.

सरकारी बँकेचं तर उलटंच झालंय. अमेरिकेच्या एक्झिम बँकेला, म्हणजे निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या त्या सरकारी बँकेला, नवीन कर्ज द्यायचा अधिकार जून 2015 अखेर संपला, तो काही महिन्यांत परत मिळाला पण बोर्डावर पुरेशी माणसंच नव्हती त्यामुळे मे 2019 पर्यंत मोठी कर्जं बंदच. तेवढ्यात बोइंगने 2016 ला 748, 2017 ला 763 आणि 2018 ला 806 विमानं दिली. दुकान बंद म्हणे!

राहिली बुडालेली एअरलाइन. मेसेजसोबत फोटो कोणाचा, तर आपल्याकडच्या बुडालेल्या गो फर्स्ट एअरलाइनचा. अरे ती सगळी एअरबस आहेत, बोइंगचा संबंध काय? डिलिव्हरी घेताना विमानाचे पैसे चुकते होतात, त्यामुळे नंतर अडकतो तो लीजवाला. विमानात शिरताना दाराच्या चौकटीवर छोटी धातूची पट्टी दिसली तर वाचा, बऱ्याचदा मालक म्हणून भलत्याच ट्रस्टचं नाय तर लीज कंपनीचं नाव असतं. मे 2023 मध्ये गो फर्स्टचं दिवाळखोरीचं प्रकरण दाखल झालं आणि याच लोकांची 54 विमानं अडकली, एप्रिल 2024 मध्ये दिल्ली हायकोर्टाने डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, पाच कामाच्या दिवसांत त्या विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं तेव्हा कुठे सुटका. 2025 मध्ये लीजवाल्यांच्या अशा हक्कांसाठी वेगळा कायदा पण आला, आता हे लीजवाले आपल्याकडच्या एअरलाइन्सना भाडं कमी लावतात का तेवढं बघायचं.