‘टेस्ट ट्यूबची मुले पुढे वांझ राहतात’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र महाभारतकाळापासून आपलेच होते, गांधारीचे शंभर पुत्र हा त्याचा पुरावा आहे, ते परकीयांनी पळवले आणि आता आपल्यालाच लाखो रुपयांना विकतात, अशी मुले काचेच्या नळीत वाढत असल्याने आईशी त्यांची नाळ जुळत नाही, ती कमजोर निघतात आणि त्यांना पुढे स्वतःचे मूल होत नाही, डॉक्टर कोणाचेही बीज वापरतात, आणि ही वेळ येते ती बाईमध्ये दोष असतो म्हणून.

माझी भाची गुहागर तालुक्यात राहते आणि तिचे उपचार कोल्हापूरला चालू आहेत. ठरलेल्या वेळी पोटावर घ्यायची इंजेक्शने तिच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी ठेवलेली असतात. वीज बराच वेळ गेली की ती बर्फाच्या डब्यात हलवावी लागतात. त्याच घरात तिच्या चुलत सासऱ्यांनी हा संदेश सर्वांसमोर मोठ्याने वाचला. म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा कौरवांचा. आदिपर्वातील कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की गांधारीला गर्भ राहिला होता तो तिच्याच उदरात. दोन वर्षांनी जो मांसपिंड बाहेर आला, त्याचे भाग व्यासांनी तुपाने भरलेल्या कुंडांत ठेवले आणि त्यांतून शंभर पुत्र व दुःशला जन्मली. म्हणजे कथेतसुद्धा शरीराबाहेर फलन, म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू यांचा संयोग, झालेले नाही, आणि आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र, हे नेमके तेच असते. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहिले गेले ते १८२७ साली, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांच्याकडून. महाभारताचा मला अभिमान आहे; तो टिकवण्यासाठी त्यात प्रयोगशाळा शोधण्याची गरज नाही.

‘परकीयांनी पळवले’ या वाक्याचा मला सर्वाधिक संताप येतो, कारण त्यामुळे एका खऱ्या भारतीय शास्त्रज्ञावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. घटनाक्रम स्पष्ट आहे. १९५९ मध्ये संशोधक मिन च्यूए चँग यांनी सशांमध्ये शरीराबाहेर फलन घडवून पिल्ले जन्माला आणली. १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे वर्षानुवर्षे अपयश सोसले. सरकारी संशोधन परिषदेने त्यांना पैसा नाकारला आणि मधल्या काळात राहिलेली एक गर्भधारणा गर्भाशयाबाहेर रुजल्याने वाया गेली. अखेर २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राउन, जन्मली.

त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात ‘दुर्गा’ म्हणजेच कनुप्रिया अगरवाल जन्मली, आणि यामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय. त्यांची पद्धत ओल्डहॅमची नक्कल नव्हती. लुईसच्या वेळी नैसर्गिक पाळीत तयार झालेले एकच बीज पोटाला छेद देऊन दुर्बिणीने काढले होते. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शने देऊन बीजे वाढवली, ती योनिमार्गाने काढली, तयार झालेला भ्रूण गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला. आज माझ्या भाचीवर ज्या क्रमाने उपचार चालू आहेत तो जवळपास हाच आहे. पण पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी परिषदेला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, पुढे त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

ही सांगोवांगीची गोष्ट नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली तेव्हा ती भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली, आणि त्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या बरोबरीने वाटा होता डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचा. पहिलेपणाचा मान ज्यांच्याकडे होता त्याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून तो मान मुखोपाध्यायांचा असल्याचे जाहीर केले. एवढा एक लेख वाचला तरी या संदेशातील अर्धा इतिहास गळून पडतो. आपल्या माणसाला परकीयांनी लुटले नाही, त्याला आपल्याच लोकांनी खोटे ठरवले.

आता सर्वांत घातक विधान, की या मुलांना पुढे मूल होत नाही. लुईस ब्राउनला २००६ मध्ये नैसर्गिक गर्भधारणेतून मुलगा झाला. तिची धाकटी बहीण नॅटली हीसुद्धा याच तंत्राने जन्मलेली, आणि ती तर लुईसच्याही आधी, १९९९ मध्ये, नैसर्गिकरीत्या आई झाली. इतके लांब जायचे नसेल तर हर्षा चावडाकडे पाहावे: २०१६ मध्ये तिला मुलगा झाला आणि तिची प्रसूती डॉ. हिंदुजांनीच केली. अशी लाखो मुले आज जगभर शाळेत जात आहेत, नोकऱ्या करत आहेत, संसार करत आहेत. उपचार घेणाऱ्या मुलीला ‘तुझे मूल वांझ निघेल’ असे ऐकवण्याआधी ज्येष्ठांनी निदान एवढी चौकशी करायला हवी होती.

ही मुले कमजोर निघतात किंवा त्यांना मूल होत नाही, या म्हणण्यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. एकापेक्षा जास्त भ्रूण सोडल्याने जुळी-तिळी राहतात, ती अनेकदा अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची असतात. म्हणूनच एकच भ्रूण सोडण्याकडे आता कल वाढला आहे. तसेच वडिलांच्या वाय गुणसूत्रातील दोषामुळे शुक्राणू कमी असतील तर तो दोष मुलग्यात उतरू शकतो. मात्र तो वडिलांकडून आलेला असतो, प्रयोगशाळेतून नव्हे.

काचेच्या नळीचे म्हणणे तर एका वाक्यात संपते: भ्रूण प्रयोगशाळेतल्या चपट्या ताटलीत दोन ते पाच-सहा दिवस असतो, आणि त्यानंतरचे सारे महिने तो आईच्या गर्भाशयातच, तिच्याच नाळेवर वाढतो. दात्याचे बीज वापरायचे असल्यास २०२१ च्या कायद्यानुसार लेखी संमती लागते. उपचार केंद्राची नोंदणी झाली आहे का, हे प्रत्येक जोडप्याने जरूर विचारावे. खर्च मोठा आहे आणि प्रत्येक वेळी यश येत नाही, ही तक्रारही खरी आहे. स्त्रीचे वय वाढते तसतशी यशाची शक्यता कमी होते.

राहिला बाईच्या दोषाचा मुद्दा. १९९२ मध्ये ब्रसेल्स येथून इक्सी हे तंत्र पुढे आले, ज्यात एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात, आणि ते मुख्यतः पुरुषांतील दोषासाठीच होते. आपल्याकडे मात्र देवाला गाऱ्हाणे घालायचे ते सुनेसाठी, ओटी भरायची ती तिची, उपास करायचे तेही तिनेच, आणि मुंबईहून गणपतीला आलेल्या नवऱ्याला कोणी साधी वीर्यतपासणी करून घे म्हणत नाही. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही, दवाखान्यात राहावेही लागत नाही. भाचीच्या नवऱ्याने ती सगळ्यात आधी करून घेतली होती, आणि हे चुलत सासऱ्यांना ठाऊक असूनही त्यांनी तो संदेश तिच्याकडे पाहत वाचला.