आधी सुरुंग निघाले, मग रूळ आले
आफ्रिकेतला मोझांबिक यादवी युद्धानंतर सावरला तो परकीय मदत आणि कोळशामुळे, हे लेखातलं म्हणणं मला अर्धवट वाटतं. १९९२ मध्ये रोमला शांतता करार झाला, पण जमिनीतले सुरुंग थोडेच करार मानतात! बेइरा बंदराकडे कोळसा नेणाऱ्या ‘सेना’ नावाच्या रेल्वेमार्गालगतही ते पेरलेले होते. माणसं गुडघ्यांवर बसून, डिटेक्टर फिरवत, वीत-वीत माती खरवडत पुढे सरकायची. देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. शेजारच्या मलावीतून लाखो निर्वासित परतले, पण स्वतःच्याच शेतात पाय ठेवायची भीती असेल तर पेरायचं कुठे आणि खायचं काय? पुनर्बांधणीच्या खर्चात हे काम पहिलं धरायला हवं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.